टिबुकलीची पिले: चार की पाच

गेल्या चैत्रात गुंजवणी धरणाच्या फुगवट्यावर आम्ही पाहिलेल्या टिबुकलीला पिले चार होती की पाच, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. टिबुकली म्हणजे कबुतराहून लहान, बुडी मारून मासे पकडणारे पाणपाखरू.

मी तिपाईवर कॅमेरा लावून बसलो होतो. पत्नी डावीकडे दहा-बारा पावलांवर दुर्बीण घेऊन उभी होती.

"पाच आहेत," ती म्हणाली.

"चार. पुन्हा मोज, एकेकावर नजर ठेवून."

"अहो, मी काय तुमच्या चौथीच्या वर्गात बसलेय? इकडे येऊन बघा तरी."

मी उठलो नाही. हालचालीने पक्षी बुजेल, असे कारण दिले. खरे म्हणजे मला माझ्या मोजणीची खात्री होती. वहीत शाईने 'चार' लिहिले. परतताना कापूरहोळला चहासाठी थांबलो. चहा घेताना ती एवढेच म्हणाली, "तुमची वही, तुमचे चार."

श्रावणात ती गेली.

यंदा मी एकटाच गेलो. तिथे नेहमी शेळ्या राखणाऱ्या बाईंनी विचारले, "गुरुजी, बाई न्हाई आल्या व्हय?" मी नुसती मान हलवली. त्या समजल्या. "बसा हितं सावलीला," म्हणून शेळ्या लांब घेऊन गेल्या.

समोर टिबुकली होती. पिले मोजली: तीन. तेवढ्यात तिने अंग झाडले आणि तिच्या पाठीवरच्या पिसांतून चौथे पिलू पाण्यात घसरले.

घरी येऊन गेल्या वर्षीची छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली. पाण्यावर चार पिले आहेत. एका छायाचित्रात आई किंचित वळली आहे आणि तिच्या पंखाखालून एक पट्टेरी डोके बाहेर आले आहे.

लाल पेनाने 'चार' खोडून मी 'पाच' लिहिले. चूक सुधारली की वही दाखवून जायची, असा माझ्या वर्गाचा नियम होता. ही वही कोणाला दाखवावी, ते कळेना.

वाचकांना विनंती आहे. टिबुकलीची पिले मोजताना आधी आईची पाठ पाहा, दोन्ही बाजूंनी. माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. जागेवरून उठा आणि स्वतः पडताळून घ्या.