उजवीकडून भरलेली पाटी

शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा, आणि अक्षरही. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही कुणी उघडेल असं वाटत नाही, पण उघडलीच तर म्हणून लिहून ठेवते. खरं म्हणजे जन्मभर अक्षरं काढूनच मी पोट भरलं. पाटीवर वीतभर उंचीचं अक्षर असलं की माझा हात हलत नाही. वहीत बारीक लिहायला बसले की ओळ कुठल्या कुठं जाते.

शाळा सुटली ती दुष्काळात. आमचं गाव मुदखेडजवळचं. पाचवीच्या पुस्तकांऐवजी हातात हातोडी आली आणि मी आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागले. पुढच्या वर्षी आई मला घेऊन नांदेडला आली. एका म्हाताऱ्या पेंटरच्या अंगणातली खोली आम्हाला भाड्यानं मिळाली. त्यांना मी चाचा म्हणायची. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे, बऱ्याचशा उर्दूत, काही मराठीत. आधी मी त्यांचे ब्रश घासलेटात धुवायची. मग पत्रा घासायला लागले. मग एके दिवशी त्यांनी ब्रशच हातात दिला. उर्दूच्या सवयीनं ते मराठी पाटीसुद्धा उजव्या कडेकडून भरत यायचे. म्हणायचे, "आखरी हर्फ पहले बिठा, बेटी. बाकी के अपने आप सरकते." म्हणजे शेवटचं अक्षर आधी बसव, बाकीची आपोआप सरकून बसतात. मला वाटायचं, सगळे पेंटर असंच करतात.

लग्न होऊन लातूरला आले. नवरा डाळमिलमध्ये हमाल होता. दोन वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि बाजारात पेंटरांची एकच धांदल उडाली. दुकानादुकानाच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' होतं. ते पुसून लातूर करायचं होतं.

नवरा म्हणाला, "गावभर काम निघालंय आन् तू उंबऱ्यावर रांगोळ्या काढत बसलीस. चल, विचारून बघू."

"मला बोलायला नाही यायचं."

"मी हाय की."

पहिल्यांदा गेलो ते एका छापखान्यात. लग्नपत्रिकांवर मोठी अक्षरं काढायला त्यांना माणूस हवा होता. तिथं नवऱ्याला बाहेरच थांबवलं. मालकांनी मला खुर्ची दिली, कागद दिला आणि म्हणाले, "अर्ज लिहा." मी तीन ओळी लिहिल्या. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला.

"बाई, हे अक्षर घेऊन तुम्ही पत्रिका काढणार?"

नमुन्याची छोटी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. मी ती उघडलीच नाही. नमस्कार करून उठले.

बाहेर नवऱ्यानं विचारलं, "पाटी बघून काय म्हनले?"

"दाखवली नाही."

"मग काय दाखवलंस?"

"अर्ज."

तो इतका हसला की सायकल भिंतीला टेकवावी लागली. मला मात्र हसू येईना. चाचांनी लाडानंच चांगलं म्हटलं असेल, हाताखाली पोर लागतं म्हणून शिकवलं असेल, असं मनात यायला लागलं. आठ दिवस मी ब्रशला हात लावला नाही.

दुसऱ्यांदा त्यानं मला जवळजवळ ओढूनच नेलं. गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेच्या, बाजूला एका पेंटरचं दुकान होतं. मालक धिप्पाड, कपाळावर विभूतीचे पट्टे. तीन कारागीर चहा पीत बसले होते. या वेळी पाटीवरचं वर्तमानपत्र नवऱ्यानंच सोडलं.

"कुणी काढलं हे?" मालकांनी विचारलं.

"हिनं," नवरा म्हणाला.

"तिला तोंड हाय का न्हाई?"

मी मान हलवली.

"हाय म्हनती," एक कारागीर म्हणाला आणि सगळे हसले.

"शिडीवर चढतीस का?"

"चढती," पुन्हा नवराच.

"दादा, मी हिला ठेवू का तुम्हाला? तुम्ही जरा बाहेर व्हा बरं."

नवरा बाहेर गेला. मालकांनी एक जुना पत्रा आणि खडू पुढं केला. "किराणा दुकान, लातूर. काढ."

मी उजव्या कडेला दोन बोटं जागा सोडली आणि आधी र काढला. मग तू. चहाच्या कपांचा आवाज थांबला.

"मालक," तोच कारागीर म्हणाला, "ही बाई घरीबी उलट्या पावलानंच जाती वाटतं."

माझे कान तापले. खडू टाकून पळावं असं वाटलं, पण सुरू केलेली ओळ अर्धी सोडायची सवय नव्हती. शेवटचा कि डाव्या कडेपाशी बसला. वरची रेघ ओढली. तिकडंही दोनच बोटं उरली होती. मालकांनी सुतळी लावून दोन्हीकडचं माप घेतलं आणि कारागिरांकडं वळले.

"बघा. तुम्ही डावीकडून निघता आन् जिल्ह्यापाशी येऊन तुमची जागा संपती." मग मला म्हणाले, "उद्यापासून ये. पंधरा दिवस बघू."

नऊ दिवस छान गेले. दहाव्या दिवशी एका आडत व्यापाऱ्याची नवी पाटी आली आणि मालकांनी ती मला एकटीला दिली. दुकानाचं नाव तोंडी सांगितलं होतं. मापाचा पत्रा, लाल जमीन, पिवळी अक्षरं. मी उजवीकडून भरत आले. पहिलं अक्षर डाव्या चौकटीपाशी नेमकं टेकलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःशी हसले.

व्यापारी पाटी न्यायला आले. डाव्या कडेपाशी वाकून बघितलं.

"श्री कुठाय?"

श्री लिही म्हणून पेंटरला कुणी सांगत नाही. ते असतंच. पण चाचांच्या पाट्यांवर शुभाचं काय ते वर मधोमध असायचं, आणि ते शेवटी चाचाच घालायचे. ओळीच्या आधी जागा राखायची, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मालक म्हणाले, "वर घालून देतो की, शेठ."

"वर? मी खाली आन् श्री माडीवर? उद्या सकाळी पूजा हाय माझी." ते तसेच गेले आणि दुसऱ्याकडून पाटी करून घेतली.

"रंग गेला, मापाचा पत्रा गेला," मालक म्हणाले. "ऐंशी रुपये. आता काय करतीस? बसतीस घरी?"

नवरा तिथं नव्हता. माझ्या वतीनं बोलायला दुसरं कुणी नव्हतं. माझी मजुरी दिवसाला सात रुपये होती. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "पैसे फेडते. दर शनिवारी दहा कापा. पण मला काढू नका. मला हे काम येतं."

एवढं मोठं मी परक्या माणसापुढं कधीच बोलले नव्हते. तो चेष्टा करणारा कारागीर म्हणाला, "अगं बया, बोलली की!"

मालकही हसले. "दहा घेत जाईन. अन् श्रीला जागा ठेवत जा."

तेव्हापासून मी आधी डाव्या कडेला खडूनं श्री काढायची, मग उजवीकडं जाऊन शेवटचं अक्षर बसवायची आणि मधली जागा भरायची. महिन्याभरानं तो चेष्टा करणारा कारागीरही 'लातूर' आधी काढून घ्यायला लागला. मी पाहिलं, पण बोलले काही नाही. दुपारी चौघं मिळून डबे सोडायचो. माझ्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी भांडणं व्हायची. पंधरा दिवस कधी संपले ते मालकांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आठव्या शनिवारी मालकांनी मजुरी मोजून माझ्यापुढं ठेवली. त्यातली दहाची नोट मी त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी ती गल्ल्यात टाकली.

"फिटले गं सगळे," ते म्हणाले.