पाणी मोजणारी बाई

वही टेबलावर होती. माझीच. निळ्या पुठ्ठ्याची, एक कोपरा ओल लागून फुगलेला. साहेबानं तिच्यावर चहाचा कप ठेवला होता.

मी हात पुढे केला तसा तो खेकसला. "ए बाई, हात लावू नको. सरकारी आहे."

"साहेब, अक्षर माझं आहे त्यात."

"असंल. पाणी मोजायला ठेवलं होतं तुला. जाब विचारायला न्हाई."

शेजारच्या खुर्चीत नळाच्या कामाचं कंत्राट घेतलेला गुत्तेदार बसला होता. तो हसला. दुसरी खुर्ची रिकामी होती. मी आत आले तेव्हा साहेब 'बसा ताई' म्हणाला होता. मग आडनाव विचारलं. आडनाव कळल्यावर परत बस म्हणाला नाही. मी उभीच राहिले.

तीन वर्षं मी गावातल्या विहिरी मोजल्या. काम कोणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं. दर महिन्याच्या एक तारखेला टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधायचा, टेप विहिरीत सोडायची, नट पाण्याला लागल्याचा आवाज ऐकायचा, आकडा लिहायचा. सात विहिरी. पाठ भरून यायची. पण मला ते काम आवडायचं. नवरा जालन्याला सळईच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी. महिन्यातून एक दिवस तरी मी कोणाच्या कामाची होते.

मग नळाच्या योजनेची विहीर कुठे खोदायची, यावर ग्रामसभा भरली. सरपंच म्हणाले, "वस्तीकडं पाणीच न्हाई. आमच्या मळ्याकडं खोदू." मी उठले. सांगितलं, आमच्या वस्तीतल्या विहिरीनं तिन्ही वर्षं मे महिन्यातही तळ दाखवला नाही.

"कागद आन पुढच्या सभेला. तोंडी कोण ऐकतंय?"

कागद नव्हता. वही भरल्यावर मी ती तालुक्याच्या पाणीपुरवठा ऑफिसात जमा केली होती आणि नक्कल ठेवली नव्हती. घरी राहिली तर भिजेल, लेकरं फाडतील, सरकारात गेली म्हणजे जपून राहील, असं मला वाटलं होतं. इतकी कशी मी येडी!

म्हणून त्या टेबलासमोर गेले होते. निघताना साहेब म्हणाला, "लईच हौस असंल तर माहितीच्या अधिकारात टाक."

टाकला अर्ज. त्याआधी वस्तीत घरोघर फिरले, माझ्याबरोबर सह्या करा म्हणून. एकानंही केली नाही. चुलत सासरे म्हणाले, "पोरी, त्या मळेवाल्यायच्याच रानात कामाला जायचं हाय आपल्याला. कशाला नादी लागते?" त्यांचंही खोटं नव्हतं. पण तेव्हापासून मी हापशावर गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. साहेबाच्या बोलण्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

उत्तर आलं. सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही.

कप ठेवायला उपलब्ध होती.

अपील केलं. सुनावणीला एकटीच गेले. मोठ्या साहेबानं कागद पुढे सरकवला. वर छापलेलं होतं, माझे समाधान झाले आहे. "कर सही अन् जा जल्दी. बस जाईल तुझी."

पेन हातात घेतलं. सही कर म्हटलं की करायची, हीच सवय. पण हात पुढे जाईना. माझ्या गावचं पाणी, मी मोजलेलं, आणि ते माझं नाही हेही माझ्याच सहीनं ठरणार होतं.

"न्हाई करत."

"काय म्हणली?"

"सही न्हाई करत, साहेब. वही खालच्या साहेबाच्या टेबलावर आहे. मी बघितली. तेवढं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं नाही. बस गेली. मी स्टँडवर बसून रडले. कोणी विचारलं नाही, बाई काय झालं.

विहीर मळ्याकडेच खोदली. वस्तीत दर तिसऱ्या दिवशी नळ येतो, तोही करंगळीएवढा. मोजायचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

मोजणं मी सोडलं नाही. नवऱ्याला जालन्याहून काळा ऑइलपेंट आणायला सांगितला. आता दर एक तारखेला सातही विहिरींचे आकडे माझ्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लिहिते. खाली लिहिलंय, उतरवून घ्या, फोटो काढा, छापा, पुढे पाठवा, परवानगी लागत नाही. लोक जाता-येता वाचतात. माझ्याशी अजून कोणी बोलत नाही.

परवा ऑफिसातून फोन आला. "कोणाला इचारून लिहिलं हे?"

"कोणालाच न्हाई. तुम्हाला पायजे असंल तर तुम्हीबी उतरवून घ्या."

"पुसून टाक. बराबर न्हाई हे."

"पुसणार न्हाई," मी म्हणाले आणि फोन मीच आधी ठेवला.

घराला चार भिंती आहेत. चारही भरीन.