तात्यांची गाठींची दोरी

इंदापूरच्या आमच्या दवाखान्यात बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साठत जातात. मी तिथं औषधं बांधून देतो. माझी शाळा सहावीत सुटली आणि आवाज मुळातच बारीक. डॉक्टरसाहेब रोज ओरडतात, "अरे, मोठ्यानं सांग! तू तोंडातल्या तोंडात बोलतोस आणि गावभर घोळ होतो!" खरंच होतो. रोगी पायऱ्या उतरला, की माझा जीव वर-खाली व्हायला लागतो.

डाळजच्या मेंढपाळ तात्यांचंच बघा. त्यांच्या लेकीला, सोनाला, मुदतीचा ताप आला. तिला नव्या कॅप्सूल दिल्या. आमच्याकडं सगळे त्यांना गोळ्याच म्हणतात. सहाव्या दिवशी ताप उतरला, तसं तात्यांनी उरलेल्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवून दिल्या. "पुढच्या तापाला व्हतील!"

पुढचा ताप आठवड्यातच आला, आधीपेक्षा जास्त!

डॉक्टरसाहेबांनी पुन्हा सगळ्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "तात्या, या वेळी मधेच सोडल्यात, तर पोरीचं काही सांगता येणार नाही." मग माझ्याकडं वळले, "नीट समजावून दे."

मी समजावलं. ऐकू गेलं का, देव जाणे! तात्यांना फार मोजता येत नाही. त्यांनी लोकरीच्या दोरीला गोळीगणिक एक गाठ मारली. एक गिळली, की एक गाठ सोडायची.

ते दिवस मला चैन नव्हतं.

*

त्याच आठवड्यात एक आबा आले. त्यांच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी मी स्वतः चिकटवली होती. पाच दिवस झाले, तरी औषध पहिल्या खुणेवरच!

"आबा, घेतलं न्हाय व्हय?"

"रोज घेतो की. रेघंच्या खाली गेलं, की पाणी घालून बरूबर करतो!"

*

कारखान्यातला एक फिटर कॅप्सूल भुईमुगाच्या शेंगेसारखी फोडायचा. आतली कडू पूड चाटायचा आणि टरफल काढून ठेवायचा. "अशीच गिळायची असते," मी पुटपुटलो.

"आदी सांगायचं! आता ही टरफलं परत घेता का?"

*

एकादशीला गंगूबाईंनी गोळी घेतली नाही. "उपास हाय माजा."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, जंतूंना उपास नसतो!"

"मग त्यास्नी द्या की!"

*

एका पैलवानाला पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यायचं होतं. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "पूर्वी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, सूज आली?"

"मला काय व्हतंय!"

मागून बायको म्हणाली, "मागल्या बारीला तोंड भोपळ्यागत झालं व्हतं!"

डॉक्टरसाहेबांनी सुई खाली ठेवली. पैलवान म्हणाला, "हिला भायेर बसवा!"

*

दोन बाजार उलटल्यावर तात्या आले. सोनाचा ताप उतरला होता, पोरगी पेज मागून खात होती. पण तात्या तणतणत होते. त्यांनी दोरी टेबलावर आपटली.

"दोन गाठी राह्यल्या, आन गोळ्या सपल्या! ह्या तुमच्या मानसानं कमी दिल्या!"

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तीनदा मोजून दिल्या होत्या! डोळ्यांपुढं सोना दिसत होती. कुठून बळ आलं, कोण जाणे. मी ओरडलो, "तात्या, दोन गोळ्या कुणी खाल्ल्या?"

तात्या दोरी चाळवत बसले. "मेंढरातला एडका लय खोकत व्हता..."

डॉक्टरसाहेबांनी आणखी दोन काढून दिल्या. मी त्या तात्यांच्या मुठीत कोंबल्या. माझा आवाज पार स्टँडपर्यंत गेला असणार!

"ह्या सोनाच्या! फक्त सोनाच्या! आणि एकदा सुरू केलेलं औषध मधी सोडायचं न्हाय, पुरं करायचं! समजलं?"

बाहेरचे रोगीसुद्धा दारातून डोकावले. तात्यांनी गोळ्या नीट खिशात ठेवल्या, पण उठेनात.

"समजलं की. मग एडक्याच्या राह्यलेल्या बी द्या!"