चंचीतला रिकामा कप्पा

दादाची बदली भोपाळला झाली तेव्हा आमच्या घरात भांडण झालं ते माझ्या सायकलवरून. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, राजधानी भोपाळ झाली. हे सगळं पेपरात. घरात एवढाच प्रश्न होता, की थोरला भाऊ आणि वहिनी सामान बांधणार, तर मी त्यांच्याबरोबर जायचं की उज्जैनलाच राहायचं. मी म्हटलं, राहणार. दादा म्हणाला, "राहशील गं. पण तुझी सायकल कोण बघणार?"

हसू नका, प्रश्न खरा होता. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षातच मी विधवा होऊन दादाकडे परत आले होते. त्यानं मला कोपऱ्यात बसू दिलं नाही. आधी परीक्षेला बसवलं, मग दसहरा मैदानावर नेऊन सायकल शिकवली. मी पुढे, तो सीट धरून मागे धावतोय, आणि मैदानाच्या कडेला फुकटचा तमाशा बघणारे लोक. पुढे मला सरकारी काम लागलं. आसपासच्या खेड्यांत जायचं, तिथल्या बायकांना शिवण आणि अक्षरं शिकवायची. त्या बायका मला "बेनजी" म्हणायच्या. शहरातल्या आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी मी "बिचारी" होते. या दोन शब्दांमधलं अंतर मी रोज सायकलीनं कापत होते. भोपाळला गेले असते तर काम सुटलं असतं आणि मी वहिनीच्या स्वयंपाकघरातली विधवा नणंद झाले असते. वहिनी वाईट नव्हती हो. तीच तर पंचाईत होती. वाईट असती तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

सायकल मात्र पहिल्यापासून दादाच्या ताब्यात. दर रविवारी सकाळी तो ती उलटी करून ठेवायचा, साखळीला तेल द्यायचा, चाकं फिरवून कान लावून ऐकायचा. पंक्चर तोच काढायचा. मी शेजारी उभी राहून चहा देणार, इतकाच माझा वाटा. निघायच्या दिवशी त्यानं हत्यारांचा तुपाचा जुना डबा माझ्यासमोर ठेवला आणि पाना कसा धरायचा, टायर पट्ट्यांनी कसा उचलायचा, ते सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाला, "पुढच्या भाऊबीजेला येईन. तोवर जमलं तर राहा. नाही जमलं तर मुकाट्यानं ट्रंक उचलायची."

"बघच तू," मी म्हटलं. मला राग आला होता. गाडी सुटल्यावर फलाटावर उभी असताना तो राग कुठे गेला कोण जाणे.

दोन खोल्या तेवढ्याच राहिल्या, पण एकदम मोठ्या वाटायला लागल्या. वरच्या मजल्यावर घरमालकीण काकू. त्यांच्या सासऱ्यांच्या आज्यापणज्यांनी शिंद्यांच्या दरबारात कारकुनी केलेली, आणि ते काकू दर चार वाक्यांनी सांगायच्या. दिवसभर मी खेड्यात माळवी-हिंदी बोलायची. संध्याकाळी मराठी बोलायला काकूंखेरीज कोणी नाही, आणि काकूंशी बोलायचं म्हणजे ऐकायचं. एका माणसाची भाजी मला कधीच बेतानं करता आली नाही. उरायची. सकाळी तीच डब्यात. आपण घरी आलो हे कुणालाच माहीत पडत नाही, याची सवय व्हायला फार वेळ लागतो. मला तर अजून झालेली नाही.

आता हत्यारांचं. दादा घरी असायचा म्हणून डबा घरी असायचा. मला पंक्चर व्हायचं ते रस्त्यात, दोन्हीकडे बाभळी असलेल्या काळ्या मातीच्या वाटेवर. म्हणजे हत्यारं बरोबर हवीत. पहिल्यांदा मी डबाच कॅरिअरला बांधला. तो असा खडखडायचा, की गल्लीतली पोरं मी वळणावर असतानाच ओरडायची, "आली, आली, बर्तनवाली आली!" गाई रस्ता सोडायच्या. चार दिवसांत मी डबा परत जिन्याखाली ठेवला.

मग फ्रीगंजात टावर चौकाजवळच्या सायकलच्या दुकानात गेले. दुकानदारानं सीटच्या मागे टांगायची चामड्याची पेटी दाखवली, दोन बकलांची, छान. "बाईसाब, ये ले जाओ, जिंदगीभर देखना नहीं पड़ेगा." मी घेतली. घरी आले तर काकू जिन्यात उभ्या.

"ते कातड्याचं आहे का गं?"

"हो काकू."

"मग ते उंबऱ्याच्या आत नाही यायचं. माझं सोवळ्याचं पाणी याच बोळातून वर जातं."

"आणि सायकलची सीट कशाची आहे, काकू?"

"ती बाहेर असते. आणि तू तिच्यावर बसतेस, मी नाही!"

पेटी बाहेर सायकललाच लटकत राहिली, आणि एका सकाळी बकलांसकट गायब झाली. हत्यारं नशिबानं आत काढून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "बघ, देवालाही नको होतं ते." मी आत जाऊन हत्यारं मोजून ठेवली.

तिसरा प्रयोग झोळीचा. खादीची झोळी, खांद्याला अडकवायची, त्यातच वर्गाचं कापड, पाट्या, आणि तळाशी हत्यारं. एरवी ठीक चाललं. मग भर पावसाळ्यात, गावापासून लांब, मागच्या चाकात काटा शिरला. मी लिंबाखाली बसले, झोळी ओतली. सोल्युशनची ट्यूब दबून फुटलेली, तिनं शिवणाचं सगळं कापड एकमेकांना चिकटवलेलं. काचकागद भिजून लगदा. आणि टायर उचलायच्या पट्ट्यांनी झोळीला भोक पाडून त्या वाटेत कुठे तरी उडी मारलेली. मला पंक्चर काढता येत होतं हो! दादानं सांगितलेलं सगळं आठवत होतं. पण हातात काही नसेल तर आठवून काय करायचं? चिखल मडगार्डमध्ये भरून चाक फिरेना, तर मागचा भाग उचलून ढकलत ढकलत आले. वाटेत भेटलेल्या एका बैलगाडीवाल्यानं विचारलं, "घर में कोई आदमी नहीं है क्या?" मी चाक उचलून पुढे ढकललं. नदी ओलांडली तेव्हा घाटावर सांजेची आरती चालली होती आणि मी साडीला गुडघ्यापर्यंत चिखल लावून सायकल ओढत होते. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं.

घरी येऊन मी ठरवलं, झालं. हरले. भाऊबीजेची वाट तरी कशाला बघायची, जाऊ या भोपाळला. सकाळी ट्रंक पुढे ओढली आणि भरण्याआधी रिकामी करायला लागले. तळाशी बाबांची चंची निघाली.

आमचे बाबा पान खायचे, आणि चंची त्यांच्या कमरेला असायचीच. लांबट लाल कापड, त्याला ओळीनं कप्पे: एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, एकात चुन्याची डबी. उलगडली की सगळं समोर, गुंडाळून नाडी बांधली की मूठभर. बसल्या बसल्या कुणाशी बोलतानाही, न बघता, बाबांचा हात बरोबर त्या त्या कप्प्यात जायचा. मी ती मांडीवर उलगडून बसले. कापडाला अजून काताचा वास होता. मला एकदम रडू आलं, चांगलं मोठ्यानं, आणि रडता रडताच मी बोटांनी कप्प्यांची मापं घ्यायला लागले.

वर्गाचं शिवणयंत्र होतंच. तंबूचं जाड कापड आणलं, दोरा दुहेरी घेतला. बाबांची चंची मापाला ठेवली आणि तशीच दुसरी शिवली, कप्पे हत्यारांच्या बेतानं. टायरच्या पट्ट्यांना अरुंद आणि खोल. सोल्युशनच्या ट्यूबला आतून मेणकापड, फुटली तर तिथल्या तिथे. काचकागदाला वरून झाकण. रबराच्या ठिगळांना लहान खिसा. आणि मधोमध पान्याला लांबोडा कप्पा. गुंडाळली तर काही वाजत नाही, काही सांडत नाही. हँडलला बांधायची, उतरलं की सोडून कमरेला खोचायची. चोरणार काय, माझं कपाळ? आणि कातडं औषधालाही नाही. ट्रंक मी पायानं परत कॉटखाली ढकलली.

ओट्यावर बसून मी पहिल्यांदा ती उलगडली आणि हत्यारं भरायला घेतली, तर वरून काकूंचा आवाज. "अगं अगं अगं! हे काय? चंची?"

मला कळेचना. त्या धाडधाड जिना उतरून आल्या. विधवेनं विडा खायचा नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. त्यांनीही यजमान गेल्यापासून पान तोंडात घातलं नव्हतं. "सायकल झाली, नोकरी झाली, मी काही बोलले का? पण आता विडा? भाऊ गेला नाही तोच?"

मी इतकी भडकले, की शांत झाले. "या ना काकू, बसा. तुम्हालाही लावून देते," म्हटलं, आणि एकेक काढून त्यांच्या हातात दिलं. "हा घ्या चुना," सोल्युशनची ट्यूब. "हा कात," काचकागद. "आणि ही सुपारी, जरा कडक आहे," म्हणून पाना ठेवला. काकूंनी पाना उलटसुलट करून बघितला. मग अशा हसल्या, की ओट्यालाच टेकल्या. हसता हसता डोळे पुसून म्हणाल्या, "मला खरंच वाटलं गं. आणि एक क्षण... आपणही एक मागावा, असं वाटलं." त्यानंतर त्या मला कधी "बिचारी" म्हणाल्या नाहीत. म्हणजे निदान माझ्या तोंडावर नाही.

चंचीनं काम केलं. पुढच्या काट्याला मी रस्त्याच्या कडेला बसले, ट्यूब गालाजवळ फिरवली, हवा कुठून येते ते कळलं, आणि मान वर न करता हात बरोबर त्या त्या कप्प्यात गेला. बाबांसारखा. रविवारी सायकल उलटी करून मीच साखळी आवळायला लागले. भोपाळचं आता नाव नको.

भाऊबीजेला दादा आला. पिशवी टेकवली आणि चहाच्या आधी बाह्या सरसावल्या, "आण बघू तुझी ती." मी सायकल आणली. त्यानं साखळी दाबून बघितली, चाक फिरवलं, कान लावला. ब्रेक बघितले. परत चाक फिरवलं. काहीच निघेना. मी चंची उलगडून त्याच्यापुढे ठेवली, तोऱ्यात. त्यानं एकेका कप्प्यावरून बोट फिरवलं. "बाबांची केलीस होय," म्हणाला. मग बाह्या खाली केल्या, बटणं लावली, आणि म्हणाला, "छान. म्हणजे आता माझं काही काम नाही इथं."

तो चेष्टेत म्हणाला असेल. मी ओवाळलं, तो जेवला, भोपाळच्या गप्पा सांगितल्या, ट्रंकेचं नावही काढलं नाही. मी जिंकले होते. त्याला स्टेशनवर सोडून आले आणि ओट्यावर तशीच बसून राहिले. जिंकल्यावर इतकं एकटं वाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी साखळी आवळायला चंची उघडली तर मधला कप्पा रिकामा. पाना नाही. सगळं घर शोधलं, आणि मग लक्षात आलं. दादानं नेला होता. चुकून नाही; चुकून पाना कुणाच्या खिशात जात नाही.

फ्रीगंजात तसले पाने ढिगानं मिळायचे. मी घेतला नाही. पंक्चरला पाना लागत नाही, ते माझं चालूच होतं. साखळी सैल व्हायची, कुरकुरायची, साखळीच्या झाकणावर आपटायची. मी वाजू द्यायची. भाऊबीजेला दादा यायचा, कोटाच्या खिशातून पाना काढायचा, आणि म्हणायचा, "काय ही अवस्था करून ठेवलीस गं! तुला साधी साखळी आवळता येत नाही?"

"नाही ना येत," मी म्हणायची.

मग तो बाह्या सरसावायचा. मी शेजारी चहा घेऊन उभी. काम झालं की पाना पुसून परत त्याच्या खिशात. हे दर वर्षी असंच. तो कधी बोलला नाही, मीही नाही.

दादा गेला त्या वर्षी भाऊबीजेला वहिनी आली, एकटीच. तिनं पदराची गाठ सोडून पाना माझ्या हातात दिला. "त्यांच्या कोटात होता. हा इथलाच ना?" मी हो म्हटलं. संध्याकाळी, भाऊ नसलेल्या बायका करतात तसं, मी ओट्यावरून चंद्राला ओवाळलं.

सकाळी सायकल उलटी केली आणि साखळी आवळली. लगेच झाली. मला येतच होती.