कॉलर आणि मोजा

गल्लीत त्याला सगळे कडकराव म्हणत. माणूस लोण्याहून मऊ. कडक काय ते त्याच्या इस्त्रीखालून निघालेले कपडे. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुण्या मोडण्यात गेला, पण त्या सकाळी परसात, न्हाणीमागे उगवलेल्या पांढऱ्या अळंब्यांपुढे तो उकिडवा बसला आणि त्याच्याच कपाळावरच्या चुण्या काही केल्या मोडेनात.

थोरली बहीण, आक्का, आजारातून उठल्यापासून जेवणाकडे पाठ करून पडली होती. दृष्टी तर कधीचीच गेलेली. काल तिला कुठून वास आला कोण जाणे, म्हणाली, "परसात अळंबी आलीय वाटतं. ती रांधलीस तर खाईन." आता अळंबी चांगली निघाली तर बहीण जेवणार, विषारी निघाली तर बहीण जाणार. आणि ओळखणार कोण? आक्काच. लहानपणी आईबरोबर वेचायला तीच जायची.

एक अळंबी तोडून तो खाटेपाशी आला.

"दांड्याला कॉलर आहे," तो म्हणाला.

"कसली कॉलर?"

"गळ्याभोवती गोल. जरा लोंबतेय."

"मग चांगली. टोपीखाली काय?"

"चुण्या. बारीक, एकसारख्या. मलाही जमल्या नसत्या."

"रंग?"

"पांढरा. म्हणजे, धुऊन धुऊन पिवळ्या पडलेल्या सदऱ्यासारखा."

"अरे, पांढरा की पिवळा?"

"उन्हात पांढरा होता. घरात पिवळा झाला."

आक्काने अळंबी नाकाशी धरली. "वास तोच. नाही, थांब, हा कोळशाचा. तुझ्या हाताचा."

तो पुन्हा परसात गेला. दुसरी अळंबी मुळापासून खणून आणली.

"हिला बुडाशी मोजा आहे, पायात चढवतात तसा."

"मग वाईट."

"अगं, कॉलरवाली चांगली म्हणालीस ना?"

"कॉलर चांगली. मोजा वाईट."

"आणि दोन्ही असलं तर?"

आक्का विचारात पडली. "तर मग नवरदेव असेल."

त्याला हसू येईना. पहिलीला मोजा नव्हता, की तोडताना मातीतच राहिला? "आक्का, आई कशी ओळखायची?"

"मला काय ठाऊक? ती दाखवायची, मी टोपलीत भरायचे."

"म्हणजे तुला येतच नाही?"

"मला वाटलं तुला येतं. तिचा पदर धरून तूच मागे मागे असायचास."

कडकरावाने खड्डा खणून सगळ्या अळंब्या पुरल्या. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले.

"टाकलीस?" आक्काने विचारलं.

"पुरली."

"बरं केलंस. आता दुसरं काहीतरी दे. सकाळपासून नुसतं तोंडाला पाणी सुटलंय."

त्याने भाताचं आधण ठेवलं आणि पातेल्याकडे बघत उभा राहिला. हिला खरंच काही येत नव्हतं, की आपली घाबरगुंडी ऐकून हिने माघार घेतली? की अळंबी नकोच होती, नुसतं कुणीतरी शेजारी बसून बोलायला हवं होतं? एक धागा सापडावा तर दुसरा गुंतत होता.

"आज मीठ घाल हं," खाटेवरून आवाज आला. "रोज विसरतोस. कोण खाणार तसलं?"

कडकराव मिठाचा डबा हातात घेऊन थबकला. आज घातलं होतं का?