म्हस्कूआबा आणि डीजेचा गेम

शेळगावचे म्हस्कूआबा हा माणूस एक नंबरचा घमेंडखोर आहे, असं माझं कित्येक वर्षं पक्कं मत होतं. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि शेजारी ढोल-हलगी दुरुस्त करणाऱ्याचं. आबा वर्षातून दोन-तीनदा ढोलाचं पान, म्हणजे कातडं, चढवून घ्यायला तिथं यायचे आणि काम होईपर्यंत माझ्या दारातल्या बाकावर बसायचे. मी "राम राम आबा" म्हणालो, तर मनात आलं तर मान हलवायची, नाहीतर सरळ रस्त्याकडे बघत बसायचं. चहा घेता का विचारलं तरी "व्हय व्हय", आणि गाडी किती वाजता आहे विचारलं तरी "व्हय व्हय". माझा तर राग नाकावर. बायको म्हणायची, एवढ्या म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता? मी घ्यायचो.

घमेंड असायला कारणही होतं म्हणा. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आजा-पणजा कळप घेऊन कोकणापर्यंत जायचे. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली आणि ऊस लावला. मधली दहा वर्षं आबांनी खडीच्या क्रशरवर काढली. पण शेळगावात त्यांची ओळख एकच. बिरोबाच्या यात्रेतला पहिला ढोल त्यांचा. तुम्ही धनगरांची गजी बघितली असेल तर सांगायला नको. सहा-सात ढोल, झांजा आणि त्यांच्यापुढं हातात रुमाल घेऊन नाचणारे पंचवीस-तीस गडी. पहिला ढोल चाल धरतो, बाकीचे ढोल आणि नाचणारे त्याच्या मागं जातात. देवापुढं पहिल्या ढोलाचा ठेका चुकला, तर पुढच्या वर्षी मान दुसऱ्या घरात जातो. आबांच्या घरात तो तीन पिढ्या होता. बाकावर बसून ते ढोल वाजवायची काठी उचलून मोठ्या आवाजात सांगायचे, "म्या टिपरू उचलल्याबिगर आमच्यात कुनाचा पाय उचलत न्हाय." ऐकून माझं डोकं फिरायचं.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावानं, अल्ताफनं, दुबईहून एक नवीन गेम पाठवला. डीजेचा गेम. समोर टीव्ही, हातात एक रुंद पाटी. पाटीवर पाच बटणं आणि डाव्या बाजूला फिरवायची गोल तबकडी. गाणं सुरू झालं की पडद्यावर वरून रंगीत पट्ट्या खाली येतात. पट्टी तळातल्या लाल रेघेला टेकली, की त्याच क्षणी तिच्या खालचं बटण दाबायचं किंवा तबकडी फिरवायची. बरोबर जमलं तर त्या जागचा सूर वाजतो आणि गाणं पुढं जातं. चार-पाच चुका झाल्या की खेळ बंद. मी दोन मोठे स्पीकर जोडले. कॉलेजची पोरं तुटून पडली. पण पहिलं सोपं गाणं पार करायलाही त्यांना चार दिवस लागले. एकदा स्पीकरची वायर आपोआप निसटली, तर सगळ्यांत पटाईत पोरगं दहा सेकंदांत बाद झालं. आवाजाशिवाय बोटं चालतच नाहीत, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं.

यात्रेला आठ दिवस राहिले होते तेव्हा आबा आले. बरोबर मानसिंग होता. हा गजीत पुढं नाचणारा गडी, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ढोलाला पान चढवून झालं होतं. गाडीला वेळ होता म्हणून दोघं ढोल घेऊन माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. आबा पोरांच्या मागून टीव्हीकडे एकटक बघत होते. अर्धा तास त्यांनी पापणी हलवली नाही. एका पोरानं चेष्टेत विचारलं, "आबा, खेळता का?" आबा म्हणाले, "व्हय व्हय." पोरं हसली आणि त्यांनी आबांना स्टुलावर बसवलं.

पहिल्या वेळी आबा लगेच बाद झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी निम्मं गाणं झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी पाटी मांडीवर घेतली, ढोल घेतात तशी, आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. मग शिट्ट्या, टाळ्या, नुसता गोंधळ. आबांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पुढचं अवघड गाणं आपोआप सुरू झालं आणि आबांची बोटं पुन्हा चालू लागली. मी म्हणालो, "आबा, भारी वाजवलं." उत्तर नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो. उत्तर नाही. सगळ्यांसमोर माझा अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हटलं, थांबा, हा माज उतरवतो. मी टीव्हीच्या मागं गेलो आणि स्पीकरची वायर ओढून काढली.

दुकान एकदम गप्प झालं. फक्त बटणांची टकटक ऐकू येत होती. मी वायर हातात धरून वाट बघत होतो, आता चुकतील, मग चुकतील. आबा चुकले नाहीत. पट्टी खाली येत होती, बोट पडत होतं. मान बारीक डोलत होती. एक पोरगं माझ्याकडे बघायला लागलं, मग दुसरं. गाणं संपलं तेव्हा आबांनी पाटी खाली ठेवली, आमच्याकडे वळले आणि अगदी खुशीत म्हणाले, "लई ग्वाड वाजलं, न्हाय?"

आयुष्यात मी इतका कधी हादरलो नव्हतो. आबांनी आमचे चेहरे एकेक करून बघितले. मग त्यांना माझ्या हातातली वायर दिसली आणि त्यांचा चेहरा पार उतरला. हा माणूस बहिरा होता. थोडाथोडका नाही, ठार बहिरा. आणि मी त्याला घमेंडखोर म्हणत होतो. मला स्वतःच्या कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटली.

आबांनी मानसिंगचा दंड धरला. "मानसिंग, गावात बोलू नगं. आठ दिसांवर यात्रा हाय. कळलं तर ढोल जाईल माझा. तुज्या पाया पडतु."

मानसिंगनं त्यांचे हात धरले. मग त्यांच्या अगदी समोर उभा राहून, त्यांना ओठ दिसतील असा सावकाश बोलला, "आबा, आमाला ठावं हाय."

आबांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मानसिंगनं सात बोटं दाखवली. "सात वर्सं झाली. समद्यांस्नी ठावं हाय."

"मग म्या वाजवतु कसा?" आबा ओरडले. "येकदाबी चुकलो न्हाय म्या!"

मानसिंग माझ्या दुकानाच्या फरशीवर दोन पावलं मागं सरला आणि गजीतला पाय त्यानं करून दाखवला. पाय वर उचलला, क्षणभर वरच धरला, मग खाली टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा धरला. "आमी पाय जरा आदीच उचलतु," तो म्हणाला. "तुमाला दिसावा म्हनून. तुमी पायाकडं बघून टिपरू टाकता. म्हनून चुकत न्हाय."

आबा बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिले. आपण सात वर्षं गावाला फसवतोय आणि ते कधीतरी उघडं पडेल, या भीतीत हा माणूस जगत होता. आणि गाव त्यांना सांभाळून घेत होतं. दोन्हीकडून एवढं मोठं गुपित, आणि एका शब्दानं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, आबांना हायसं वाटेल. वाटलं नाही. ते इतक्या हळू बोलले, की त्यांचा इतका बारीक आवाज मी प्रथमच ऐकला. "म्हंजे चाल तुमी धरत व्हता. आन म्या मागनं येत व्हतो." मग उठले आणि चालते झाले. मानसिंग त्यांच्या मागं पळाला. ढोल माझ्या दुकानातच राहिला.

आठ दिवस तो ढोल माझ्या टीव्हीशेजारी होता. न्यायला कुणी आलं नाही. मी डीजेचा गेम पेटीत घालून माळ्यावर टाकला, पोरांनी कितीही कटकट केली तरी काढला नाही. यात्रेच्या दिवशी सकाळी मी ढोल एसटीत घालून शेळगावला निघालो.

बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली होती. नाचणारे गडी फेटे बांधून तयार होते, पण ढोल सुरू नव्हते. मानसिंगनं मला बघून कपाळाला हात लावला. आबा आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते. मान दुसऱ्याला द्या, असा निरोप त्यांनी धाडला होता, आणि दुसरा कुणी पहिला ढोल गळ्यात घालायला तयार नव्हता. "परयागबाईबी समजावून थकली," मानसिंग म्हणाला. प्रयागबाई म्हणजे आबांची बायको.

दुपारी उन्हं कलली तेव्हा आबा आले. धुतलेलं धोतर, पांढरा फेटा. कुणाकडे न बघता सरळ माझ्यापाशी आले, ढोल घेतला आणि गळ्यात घातला. माणसांत हालचाल झाली, झांजवाले सरसावले. पहिल्या ढोलानं नाचणाऱ्यांकडे तोंड करून उभं राहायचं, ही तिथली रीत. आबा उभे राहिले आणि वळले. नाचणाऱ्यांकडे पाठ करून, देवळाकडे तोंड करून. माझ्या शेजारची म्हातारी "अगं बया" म्हणून तोंडाला पदर लावून उभी राहिली. मानसिंगचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. आता त्याचा पाय आबांना दिसणार नव्हता. कुणाचाच दिसणार नव्हता.

आबांनी डोळे मिटले आणि टिपरू टाकलं.

सुरुवातीला सगळा सावळागोंधळ. दुसरा ढोल एकीकडे, झांजा दुसरीकडे. आबांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते आपले वाजवत होते, नेहमीपेक्षा संथ. मध्येच ठेका लांबत होता, मध्येच आखडत होता. देवापुढं सगळ्या गावादेखत हा माणूस आपला मान घालवून बसणार, आणि वायर ओढणारा मी समोर उभा. मग मानसिंगनं पाय खाली घेतला आणि आबांच्या उजव्या कोपराकडे बघायला लागला. कोपर उचललं की पाय उचलायचा, कोपर पडलं की टाकायचा. त्याचं बघून बाकीचे गडीही आबांच्या पाठीकडे बघायला लागले. ढोल आणि झांजा गप्प होऊन पुन्हा नव्यानं लागल्या, आबांच्या मागं. ठेका लांबला, तर तीस पाय हवेत थांबत होते. आखडला, तर पटकन खाली येत होते. अशी गजी मी पूर्वी बघितली नव्हती आणि पुढंही बघितली नाही. मी चक्क रडत होतो.

थांबल्यावर आबांनी ढोल उतरवला आणि थेट माझ्याकडे आले. घामानं निथळत होते. "इकबालभाई," ते म्हणाले, "हितं समदी माजी मानसं हायती. खरं कुनी सांगायचं न्हाय. तुमी सांगा. चुकलं का?"

मला खोटं बोलायचं होतं. पण ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी सावकाश म्हणालो, "चुकलं, आबा. लई येळा चुकलं."

त्यांनी मागं मानसिंग आणि बाकीच्या गड्यांकडे बोट केलं. "आन त्येंचं?"

"त्येबी चुकले. तुमी जितं चुकला, तितंच."

आबांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून पुन्हा एकदा विचारलं, "तितंच?"

"तितंच," मी म्हणालो.

"मग बास," म्हणाले, आणि तिथंच देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं.