फिनिसाएंत

आमच्या नगरच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या सरांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. त्याची लाज नव्हती, उलट गुर्मी होती. मुलं चेष्टेनं 'पॅरिस सर' म्हणत आणि ते खुशाल ओ देत.

लांबलचक क्रियापदं हा त्यांचा खास प्रांत. फळ्यावरच्या शब्दात उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे पाडत आणि तुकड्यागणिक टेबलावर डस्टर आपटत. 'ते संपवत होते' याचं फ्रेंच त्यांच्या तोंडी 'फि-नि-सा-एंत' असं चार ठोक्यांचं होई. शेवट कोणी गाळला तर म्हणत, "लिहिलंय ते बोलायचं. फ्रेंच लोक काय मूर्ख आहेत, उगाच शाई वाया घालवायला?"

मी शेवगावची. सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेले, तेव्हा तिच्या शेजारी पाँडिचेरीत वाढलेल्या एक बाई राहत. त्यांच्याकडून मी ऐकलं होतं, 'फिनिसे'; शेवटचं 'एंत' लिहायचं, पण उच्चारायचं नाही. तोंडी परीक्षेत मी तसंच म्हटलं. सर हसले. "गावाकडे अक्षरं गिळायची सवयच असते," म्हणाले आणि मला नापास केलं. वडिलांना निमित्तच हवं होतं. "लई झालं कालेज. आता घरीच ऱ्हा."

पुढे दुष्काळात विहिरींच्या कामावर आलेला एक फ्रेंच इंजिनिअर कॉलेजात आला. सरांनी छाती काढून फ्रेंचमध्ये स्वागताचं भाषण वाचलं. पाहुण्यानं शांतपणे ऐकलं आणि प्राचार्यांना इंग्रजीत विचारलं, "ही इथली कुठली भाषा?" कॉलेजातल्या मैत्रिणीनं हे मला पत्रानं कळवलं. ते पत्र मी चारदा वाचलं आणि पोटभर हसले.

आठवड्यानं सर एसटीनं आमच्या दारात. धुळीनं माखलेले. उभ्याउभ्याच वडिलांना म्हणाले, "तुमची मुलगी बरोबर होती. मी अडाणी. प्राचार्यांना तसं लिहून देऊन आलोय. तिला परत पाठवा."

"मास्तर, एका अक्षरापायी तुमी तिचं वरीस घालवलं व्हय?"

"हो," सर म्हणाले. मी आतून पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही.

जूनमध्ये मी परत गेले, तर सर नव्हते. बिनपगारी रजा टाकून, पन्नाशीला आलेला हा माणूस पुण्यात फ्रेंचच्या पहिल्या वर्गात कॉलेजच्या पोरांशेजारी बसत होता. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

त्यांचा राग मला अजून येतो. पण पुढे मीही पस्तीस वर्षं मास्तरकी केली. चुका माझ्याही झाल्या, आणि त्यासाठी एकाही मुलीच्या दारात मी कधी गेले नाही.